मित्र गेला, त्याची चाल राहू द्या: सोबत गायलेल्या गाण्यांतून आठवण जपण्याची रीत

खेड्यात माणूस गेला की त्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लागतो, तेरवी होते, वर्षश्राद्धाला पंगत बसते. एवढं सगळे करतात आणि ते करावंच. पण ज्याच्यासोबत आपण काकड्याला उठलो, जागलीला (शेताच्या रात्रीच्या राखणीला) रेडिओ ऐकला, भजनात टाळ धरला, त्या मित्राची अर्धी ओळख त्याच्या गाण्यात असते. तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. कॅसेटा रद्दीत जातात, फोन फॉरमॅट होऊन पुतण्याच्या हाती येतो, भजनाची वही उंदीर कुरतडतात. चार-पाच वर्षांनी त्याचा आवाज ऐकावासा वाटला तर कुठंच सापडत नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. माझा मित्र भजनी मंडळात गायचा आणि खंजिरीही तोच वाजवायचा. तो गेल्यावर मंडळातल्या आम्ही काही जणांनी त्याचं गाणं गोळा केलं. ते करताना जी रीत हाताला लागली ती इथं सविस्तर लिहितो आहे. ती भजनापुरती नाही. तुमचा मित्र भीमगीतं गाणारा असेल, कव्वालीचा शौकीन असेल, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात उभा राहणारा असेल किंवा नुसताच ट्रॅक्टरवर गाणी लावून फिरणारा असेल, तरी कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

गाण्याचं नाव आणि मूळ गायक कुठंही सापडतो. मित्र ते गाणं कोणत्या पट्टीत (किती चढ्या सुरात) उचलायचा, कोणत्या ओळीवर थांबायचा, कोणता शब्द आपल्या मनानं घालायचा, हे मात्र त्याच्यासोबत बसलेल्या पाच-सहा माणसांनाच ठाऊक असतं, आणि त्यांचंही वय होत असतं. या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं तेच आहे. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा.

पहिले दिवस: काहीही करू नका, फक्त सांभाळा

तेरवीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. आवराआवर होते, कपडे वाटले जातात, खाटेखालची पेटी उघडली जाते. अशा वेळी गाणी गोळा करायला बसू नका. घरातल्या एका जबाबदार माणसाला बाजूला घेऊन एवढंच सांगा, की त्याचा फोन, मेमरी कार्ड, कॅसेटा, टेप, वह्या आणि वाद्य सध्या कोणाला देऊ नका आणि कोणाला साफ करू देऊ नका. एका पिशवीत घालून कपाटात वर ठेवा.

फोनचं जरा घाईचं असतं. रिचार्ज झाला नाही तर काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस वापरात नसेल तर कंपनी ते काढून टाकते. गूगलचं खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर तेही आतल्या फोटो-व्हिडिओंसकट पुसलं जाऊ शकतं. म्हणून घरच्यांना विचारून सर्वांत लहान रकमेचा रिचार्ज मारून ठेवा आणि फोन महिन्यातून एकदा चार्ज करा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, आधी दुकानात दाखवा.

त्याच्या नंबरला कॉलर ट्यून असेल तर ती आत्ताच दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. माणूस गेल्यावर त्याला फोन लावून नुसती ती धून ऐकणारे मित्र मी पाहिले आहेत. नंबर बंद झाला की ती जाते.

घरच्यांशी बोलणं

मित्र आपला असला तरी आवाज घरच्यांचा आहे. विचारल्याशिवाय एकही रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका. ज्या बाईचा नवरा महिन्यापूर्वी गेला, तिला सकाळी भाकरी थापता थापता फोनमधून अचानक त्याचाच आवाज ऐकू आला तर काय होईल, हा विचार आधी करा.

आम्ही वहिनींना विचारायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी करा जे करायचं थे. पण थे कॅसेट आता मले ऐकवू नका. पोरगी मोठी झाली का तिले ऐकवा." आम्ही तसंच केलं. सगळं गोळा झाल्यावरही वर्षभर त्यांच्यासमोर काही वाजवलं नाही. प्रत्येक घर वेगळं असतं. कोणाला दुसऱ्याच दिवशी ऐकायचं असतं, कोणाला कधीच नको असतं. आई-वडील हयात असतील तर त्यांना वेगळं विचारा. सून हो म्हणाली म्हणजे सासऱ्याचंही हो आलं असं धरू नका.

तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: काय गोळा करायचं, कोणाला ऐकवायचं आणि इंटरनेटवर चढवायचं की नाही. फोनमधले कॉल रेकॉर्डिंग, घरगुती निरोप, उसनवारीची बोलणी यांना हात लावू नका. ते घरच्या माणसानं स्वतः पाहावं आणि त्यातलं गाणं असेल तेवढं आपल्याला द्यावं.

यादी जागेवरून करा

"त्याची आवडती गाणी सांगा" असं विचारलं की माणसं दोन नावं सांगून गप्प होतात. जागा आणि वेळ विचारली की मात्र भराभर आठवतं. जागलीला मचाणावर काय लागायचं? कापसाची बंडी जिनाकडं जाताना काय म्हणायचा? वरातीत बँडवाल्याला कोणतं गाणं वाजवायला लावायचा? पोळ्याला तोरणाखाली कोणती झडती (पोळ्याची तुकबंदी) म्हणायचा? काकड्याला पहिलं कोणतं उचलायचा? महादेवाच्या यात्रेला गेला तेव्हा वाटेत काय म्हणत गेला? १४ एप्रिलला मिरवणुकीत कशावर नाचला?

रेडिओबद्दल तर हे फारच लागू पडतं. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, विविध भारती १९५७ मध्ये. पन्नाशीच्या पुढच्या आपल्या माणसांची कितीतरी गाणी रेडिओतूनच आलेली आहेत. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलायला रात्रभर जागं राहायचं, सोबतीला मोठ्या सेलांचा रेडिओ, आणि दोन शेतांच्या धुऱ्यावरून एकमेकांना "ऐकलं का रे?" म्हणून हाळी द्यायची. तेव्हा गाण्याचं नाव विचारण्यापेक्षा "ते किती वाजता लागायचं?" असं विचारा. वेळ आठवली की मागोमाग गाणं येतं.

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात असाल तर दंडार (तिकडचं लोकनाट्य) आणि झाडीपट्टीच्या नाटकांची वेगळी यादी करा. दिवाळीनंतर तिकडं नाटकांचा हंगाम लागतो, रात्रभर प्रयोग चालतात, आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्या मंडळींचं मोठं केंद्र आहे. मित्र गावच्या नाटकात गात असेल तर ऑर्गन वाजवणारा कोण होता ते शोधा. गाणाऱ्याची पट्टी त्याला पक्की ठाऊक असते.

वहीत चार रकाने आखा: गाणं, कुठं आणि केव्हा, सोबत कोण, त्याची खोड. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "दुसरं कडवं नेहमी सोडायचा", "शेवटी लय वाढवून एकदम तोडायचा", "इथं डोळे मिटायचा" असलं सगळं तिथं लिहा. गाण्याचे शब्द चुकीचे म्हणायचा तर तेच चुकीचे शब्द लिहा. दुरुस्त करू नका.

कॅसेटा: घाई नको, पण उशीरही नको

या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या आवाजाचं घर कॅसेट आहे आणि तिथंच सर्वांत जास्त नुकसान होतं.

कॅसेट हाती आली की आधी तिची वरची कड पाहा. जिथून फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला दोन टोकांना दोन छोटे प्लास्टिकचे चौकोन असतात. ते टोकदार वस्तूनं मोडून टाका. मग त्या कॅसेटवर चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. वाजवण्याआधीचं पहिलं काम हेच.

मग खिडकीतून आत फीत पाहा. पांढरी बुरशी दिसते का? विदर्भातला पावसाळा आणि मातीच्या भिंतीतला कोनाडा एकत्र आले की बुरशी धरते. तशी कॅसेट टेपमध्ये घालू नका, टेपचं हेड (फीत वाचणारा भाग) खराब होतं आणि पुढच्या कॅसेटांनाही ती लागते. ती वेगळी ठेवा आणि शहरात जुनी रेकॉर्डिंगं उतरवून देणाऱ्या जाणकाराकडं न्या. दुसरा धोका उन्हाळ्याचा. टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या काचेमागं ठेवलेली कॅसेट मे महिन्यात वाकडी होते. खोका वाकला असेल आणि फीत चांगली असेल तर ती दुसऱ्या खोक्यात घालता येते. कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक स्क्रू असलेली एखादी साधी कोरी कॅसेट घ्या, ती उघडते. स्क्रू नसलेले खोके चिकटवलेले असतात, ते जपून कापावे लागतात. फीत बसते त्या जागी स्पंजचा बारीक तुकडा असलेली पत्र्याची पट्टी असते. तो तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका आणि चढउतार झाल्यासारखा येतो. त्यावरही खोका बदलणं हाच उपाय.

तुटलेली फीत घरातल्या साध्या चिकटपट्टीनं जोडू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. फितीसाठी वेगळी जोडपट्टी मिळते, तीच वापरा.

टेपही तयार लागतो. हेड आणि त्याच्या शेजारचा रबरी रोलर कापसाच्या काडीनं पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रोलरला किंचित ओला कपडा. आधी बाजारातली एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून टेप फीत खातो का ते बघा. मग मित्राची कॅसेट घाला, एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे मोकळे होतात. फिरताना चिरका आवाज आला तर तिथंच थांबा आणि तीही जाणकाराकडं द्या.

उतरवायची कशी? टेपच्या हेडफोनच्या भोकातून केबल काढून ती लॅपटॉपला लावलेल्या स्वस्त यूएसबी साउंड कार्डच्या माइक किंवा लाइनच्या भोकात द्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. टेपचा आवाज मध्यम ठेवा. लॅपटॉपवरची रेघ सर्वांत मोठ्या आवाजालाही लाल व्हायला नको. एकदा आवाज फाटला की तो नंतर सुधारत नाही. सहा डेसिबलची मोकळी जागा वर ठेवा, म्हणजे सर्वांत मोठा आवाजही उणे सहाच्या खुणेपर्यंतच जाऊ द्या. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटंच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. वीज कोणत्या वेळी टिकते ते पाहून बसा आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा.

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा, त्यात आवाज न दाबता जसाच्या तसा राहतो. एका तासाला साधारण ६०० ते ६५० एमबी जागा लागते. वाटण्यासाठी एमपीथ्री करा, ती १२८ केबीपीएसला तासाभराची ६० एमबीच्या आत बसते. मूळ फाइलमधली सरसर काढायला जाऊ नका. सॉफ्टवेअरनं सरसर काढली की टाळेचा झणकारही जातो आणि माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. तसं करायचंच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा.

आणि कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐका. गाणं संपल्यावर बटण दाबायला उशीर झालेला असतो. आमच्या एका कॅसेटमध्ये भजन संपल्यावर मित्राचं खाकरणं आहे, मग खंजिरी खाली ठेवल्याचा खणखण आवाज, आणि मग तो कोणाला तरी म्हणतो, "पाणी दे रे बाप्पा, गळा सुकला." आमच्या मंडळातली माणसं आज भजनाआधी तो तुकडा मागतात.

बाजारातून विकत घेतलेल्या कॅसेटा उतरवण्यात वेळ घालवू नका. ती गाणी दुसरीकडं मिळतात. मात्र त्यांच्या मुखपृष्ठावर त्यानं काही लिहिलं असेल, कोणत्या जत्रेत घेतली, कोणाला दिली, तर त्याचा फोटो काढा.

मेमरी कार्ड आणि फोन

२००८-१० नंतरच्या मित्रांचं गाणं कॅसेटमध्ये नसतं, मेमरी कार्डात असतं. बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात जाऊन "गाणे भरून" आणायची तेव्हा रीत होती. दुकानदारानं भरलेल्या शेकडो गाण्यांत मित्राची निवड कोणती हे ओळखायचं असेल तर त्यानं स्वतः केलेले फोल्डर, प्लेलिस्ट आणि रिंगटोन पाहा. कार्ड संगणकाला लावल्यावर "फॉरमॅट करा" असा निरोप आला तर नाही म्हणा आणि कार्ड काढून घ्या. मग त्याच्यावर नवीन काहीही न लिहिता माहीतगार माणसाकडून आतलं परत मिळवता येतं का ते बघा. सगळं उघडलं तर कार्डातलं जसंच्या तसं लॅपटॉपवर घ्या, निवड नंतर करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप हा मोठा ठेवा. तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही त्याचे निरोप असतीलच, सुरुवात तिथून करा. त्याची चॅट उघडून "एक्सपोर्ट चॅट" निवडा आणि मीडियासकट घ्या. अँड्रॉइडवर हे निरोप व्हॉइस नोट्सच्या फोल्डरमध्ये ओपस फाइल म्हणूनही सापडतात. मंडळातल्या प्रत्येकाला त्याच्या फोनमध्ये शोधायला लावा. कोणाला चाल समजावून सांगताना त्यानं दोन ओळी गुणगुणलेल्या असतात, पूर्ण गाण्यापेक्षा त्या जास्त कामाच्या ठरतात. लग्नाच्या व्हिडिओत, सप्ताहाच्या व्हिडिओत मागून त्याचा आवाज येत असतो, तेही मागून घ्या. पाठवणाऱ्याला फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून लहान करत नाही.

वही, आणि वहीत नसलेली चाल

भजनी माणसाची वही पाहिली असेल तर तुम्हाला माहीत आहे: वर शाईनं "चाल" लिहून एखाद्या जुन्या गाण्याची पहिली ओळ, खाली भजनाचे शब्द, बाजूला टाळेच्या तालानं पडलेले तेलकट बोटांचे डाग. ही वही दुपारी सावलीत, खिडकीजवळ ठेवून पान पान फोटो काढा. फ्लॅश नको, पानावर मोबाइलची सावली नको. फाटलेली पानं चिकटपट्टीनं जोडू नका, लॅमिनेशन तर करूच नका. लॅमिनेशन केलेलं पान पुन्हा मोकळं करता येत नाही. वही स्वच्छ सुती कापडात गुंडाळून उंदीर आणि वाळवी पोचणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात ठेवा.

आता खरं काम. वहीत चालीचं फक्त नाव असतं. मित्र त्या चालीत जो बदल करायचा तो कुठंच लिहिलेला नसतो, आणि तो परत मिळवायचा मार्ग एकच: सोबत बसणाऱ्यांना एकत्र बसवून गायला लावायचं आणि ते रेकॉर्ड करायचं.

जागा शांत हवी. सिमेंटच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. आमच्याकडं कापूस वेचून ज्या खोलीत भरून ठेवतात त्या खोलीइतकी चांगली जागा मला दुसरी सापडली नाही. कापूस घुमारा पिऊन टाकतो आणि टाळ, खंजिरी, गळा सगळं वेगवेगळं ऐकू येतं. अर्थात तिथं विडी, उदबत्ती, दिवा काहीही पेटवायचं नाही. कापूस नसेल तर गाद्या आणि चादरी भिंतीला टांगा. पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, गाणाऱ्यापासून हातभर ते दीड हात अंतरावर ठेवा आणि टाळ त्याच्यापासून लांब बसवा, नाहीतर टाळेत शब्द बुडतात.

सुरुवातीला दिनांक, गाव आणि कोण कोण बसलं आहे ते बोलून घ्या. पेटीवाल्याला मित्राची पट्टी विचारा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, जी असेल ती. त्याच पट्टीत गा, भले आत्ताच्या गाणाऱ्याला ती खाली किंवा वर पडो. मग प्रत्येक भजन दोनदा घ्या. एकदा सरळ, आणि एकदा थांबत थांबत, प्रत्येक जागेवर बोलत.

या बोलण्यातच सोनं असतं. आमच्या मंडळातले सर्वांत वडील काका एका ओळीवर थांबले आणि म्हणाले, "थो इथं थांबे. टाळ बंद पडे. मंग एकटाच म्हणे, अन् मंग सारे उठत." लगेच दुसरा म्हणाला, की तसं तो फक्त सप्ताहात करायचा, घरच्या भजनात नाही. दोघांत वाद झाला, तोही रेकॉर्ड झाला आणि तो मी ठेवला आहे. अशा वादात कोण बरोबर हे ठरवायची घाई करू नका. दोन्ही वहीत लिहा.

हेही विचारा: हे भजन तो कोणाकडून शिकला? कोणत्या गावच्या मंडळाकडून उचललं? आपल्याकडं चाली गावोगाव फिरतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन म्हणत गावं जागवली आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे ती परंपरा विदर्भाच्या खेड्याखेड्यांत रुजली. त्यामुळे एकच भजन दहा कोसांवर दुसऱ्या ढंगात ऐकू येतं. मित्राला ते देणारा जुना गायक अजून असेल तर त्याच्याकडं जाच. फोनवर भागवू नका. जाताना मित्राचं रेकॉर्डिंग घेऊन जा आणि त्याला ऐकवा.

वाद्य वाजतं ठेवा

पेटीला हार घालून, अगरबत्ती लावून ती कपाटावर ठेवली की दोन पावसाळ्यांत निकामी होते. भात्याचं कातडं उंदीर खातात, आतल्या पितळी पट्ट्या ओलाव्यानं काळवंडून बेसूर होतात, पट्ट्यांखाली धूळ बसून सूर अडकतो. आठवड्यातून एकदा कोणीतरी पंधरा मिनिटं वाजवणं हीच तिची देखभाल. माझं स्पष्ट मत आहे, की वाद्य घरच्यांच्याच मालकीचं राहू द्यावं, पण मंडळात वाजू द्यावं. तसं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या तर पुढं गैरसमज होत नाहीत.

खंजिरीचं कातडं पावसात उतरतं, ते दुरून शेकून ताणावर आणतात. जुन्या खंजिरीला घोरपडीचं कातडं असू शकतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे आणि तिच्या कातड्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, म्हणून अशी खंजिरी विकायच्या फंदात पडू नका. कातडं बदलायचं असेल तर शेळीचं किंवा फायबरचं लावून घ्या.

आठवणीची बैठक

सगळं गोळा झालं की एक बैठक करावी. तिथी आणि हंगाम यांचा मेळ घाला. तिथी सोयाबीन काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत आली तर माणसं येतात, पण त्यांचं मन शेतात असतं. घरच्यांना चालत असेल तर आखजी (अक्षय तृतीया) हा चांगला दिवस. तेव्हा शेतं मोकळी असतात, आणि आपल्याकडं त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरली जातेच. माणसं आधीच गेलेल्यांच्या आठवणीत असतात.

भोंगा लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मी म्हणेन भोंगाच नको. पारावर किंवा ओट्यावर तीस-चाळीस माणसं बसली तर आवाज पोचतो, आणि ऐकणारी माणसं जवळ सरकून बसतात.

क्रम असा ठेवून पाहा. आधी सगळ्यांना येतं असं काही, प्रार्थना, वंदना, जी तुमच्या घराची रीत असेल ती. मग सोबत्यांनी मित्राच्या चालीत गायलेली दोन-तीन गाणी. त्यानंतर त्याचा स्वतःचा आवाज, पाच मिनिटांच्या वर नाही. तो सुरुवातीला लावला तर पुढं कोणाच्या गळ्यातून गाणं निघत नाही, आणि शेवटी लावला तर माणसं रडत रडत घरी जातात. त्यानंतर थोडा वेळ गप्प बसू द्या. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं एकाच वेळी मौन पाळतात. ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना दोन मिनिटांच्या शांततेचं वजन सांगावं लागत नाही. मौनानंतर परत सगळ्यांचं एक चढ्या लयीतलं गाणं घ्या आणि चहाला उठा.

भाषणं ठेवू नका. सरपंच, पुढारी आले तर त्यांनाही टाळ द्या. आणि मित्र दारू, कर्ज, भांडण अशा काही गोष्टींतून गेला असेल, किंवा त्यानं स्वतःच जीव दिला असेल, तर बैठकीत त्याच्या जाण्याच्या कारणावर चर्चा होऊ देऊ नका. तिथं त्याची मुलं बसलेली असतात.

एकट्यानं ऐकताना

हे काम करणारा माणूसही मित्र गमावलेलाच असतो. रात्री एकट्यानं हेडफोन लावून तासन्‌तास ऐकत बसू नका. दिवसा, कोणीतरी सोबत असताना ऐका. एखादं गाणं सहनच होत नसेल तर त्यावर खूण करून पुढं जा, ते दुसऱ्याला उतरवायला द्या. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात राम वाटेनासा झाला तर १४४१६ या टेली-मानसच्या (मानसिक आधाराच्या सरकारी सेवेच्या) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. गावात असल्या गोष्टी बोलायला माणूस कचरतो, म्हणून हा नंबर बैठकीच्या दिवशी हळूच दोघा-चौघांना देऊन ठेवा.

प्रती आणि पुढची वर्षं

फाइलींना नावं देताना आधी वर्ष, मग गाव, मग भजनाचा पहिला शब्द असं द्या. "नवीन १", "बापूचं गाणं फायनल" असल्या नावांनी पुढं काही कळत नाही. तीन प्रती करा: एक घरच्यांकडं पेनड्राइव्हवर, एक मंडळाकडं हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं. सगळ्या एकाच घरात ठेवल्या तर एक आग किंवा एक पूर पुरतो. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं न उघडता ठेवला तर आतलं जाऊ शकतं. दरवर्षी बैठकीच्या आधी तिन्ही प्रती उघडून दोन-दोन फाइली वाजवून पाहा, आणि चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवा. कॅसेटा उतरवून झाल्या म्हणून फेकू नका.

यूट्यूबवर चढवायचं असेल तर फक्त त्याच्या किंवा मंडळाच्या आवाजातलं चढवा आणि घरच्यांची लेखी संमती ठेवा. बाजारातल्या कॅसेटची गाणी चढवू नका, त्यांचे हक्क कंपन्यांकडं असतात.

शेवटचं काम कोणाला तरी शिकवण्याचं. गावातलं एखादं गळा असलेलं पोर निवडा आणि मित्राची दोन-चार भजनं त्याच्या थांब्यांसकट बसवून घ्या. रेकॉर्डिंग नुसतं देऊन टाकू नका. सोबत बसा, टाळ धरा, चुकलं की थांबवा. आमच्याकडं हे त्याच्या मुलीनंच मागितलं. ती आता काकड्याला त्याची भजनं म्हणते. त्याची पट्टी काळी एक होती, ती काळी चारमध्ये गाते. वहीच्या नव्या प्रतीत आम्ही दोन्ही पट्ट्या लिहून ठेवल्या आहेत.